रिकाम्या तळहाताची पूजा

१९४३च्या उन्हाळ्यात अणदूरला गुरुसिद्धप्पांच्या रानात आभाळातून एक लोखंडी दगड पडला. तो न्यायला हैदराबादेहून सरकारी शास्त्रज्ञ आला, तो गावचाच शांतलिंग. गावाला त्याचं कोण कौतुक.

दुपारी आईनं, मल्लम्मानं, पाट मांडला. जेवणाआधी लिंगपूजा. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, बेल वाहायचा, मगच घास. शांतलिंगाची डबी मात्र नऊ वर्षं रिकामी होती. कॉलेजातली पोरं हसली म्हणून त्यानं लिंग पुलावरून मुसी नदीत टाकलं होतं. तेव्हापासून घरी आला की हातावर उपरणं ओढून तो नुसतेच ओठ हलवायचा. ग्रहगोलांची गणितं मांडणारा माणूस आईपुढं असलं सोंग करायचा, आणि ती बिचारी त्या झाकल्या हाताला वाकून नमस्कार करायची. त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"त्या दगडात काय असतंय रं?" तिनं वाढता वाढता विचारलं.

"एक ग्रह घडता घडता फुटला, अव्वा. त्याच्या पोटातलं लोखंड हाय ते. माणूस जन्मायच्या लई आधीचं, आभाळातल्या मरणाच्या गारठ्यात फिरत आल्यालं. कुणाचा हात लागला न्हाय त्याला."

"बरं," ती म्हणाली.

हैदराबादेत दगड कापायला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी दोन भाग झाले. लोखंड एकसंध, कुठं चीर नाही, भोक नाही. मधोमध सुपारीएवढी पोकळी होती आणि तिच्यात काळं, गुळगुळीत इष्टलिंग. लहानपणी उंबऱ्यावर पडून उडालेला टवका त्याच्या कडेला तसाच होता.

शांतलिंगानं ते कुणाला दाखवलं नाही. अहवालात 'आत काही आढळले नाही' असं लिहून टाकलं. खोटेपणाची सवय त्याला होतीच. दुसऱ्या दिवशी तो अणदूरच्या वाटेला लागला.

भर दुपारी तो पाटावर बसला. उपरणं बाजूला ठेवलं. लिंग तळहातावर घेऊन वर पळीभर पाणी सोडलं.

"अव्वा, म्या तुला..."

"ठावं हाय मला. नऊ वर्सं रिकाम्या हातालाच हात जोडले म्या. वाटायचं, लेक कवातरी हात उघडा करंल."

त्यानं उघडा तळहात तिच्यापुढं धरला.

मल्लम्मा नमस्काराला वाकली. लिंगाला बोट टेकवलं आणि झटकन मागं घेतलं.

"हे कुठनं आणलास?" तिनं हळूच विचारलं.

अंगणात वैशाखाचं ऊन रणरणत होतं. शांतलिंगाला आपला डावा हात जाणवत नव्हता. त्यानं खाली पाहिलं.

तळहातावरच्या पाण्याचा बर्फ झाला होता.