बावीस किलो

भुतं रात्रीच येतात असं कुणी ठरवलं कोण जाणे. माझ्याकडचं भर दुपारी तीन वाजता आलं, मी पोटभर जेवून सुस्तावलेला असताना. दिवा जरा मोठा करा आणि जवळ सरका. गोष्ट तशी हसण्यासारखीच आहे.

माझा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. पुढे दुकान, मागे घर. त्या दुपारी प्रसूतिगृहातल्या सिस्टरबाई एक काटा घेऊन आल्या. त्याच्यावर पांढरं खोलगट तबक होतं, तान्ह्या बाळांना तोलायचं.

"रिकामा असला तरी वजन दाखवतो हो हा," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही असले काटे घेत नाही म्हणे?"

"कोण म्हणतं? बाळ असो नाहीतर बटाट्याचं पोतं, काट्याला सगळं सारखंच!" मी हसून म्हणालो, आणि त्यांची पाठ वळताच त्यावर फडकं टाकलं.

खरं तर आठ वर्षांत मी असला एकही काटा हातात घेतला नव्हता. आठ वर्षांपूर्वी मी आणि बायकोने गर्भपाताचा निर्णय घेतला. दोघांनी मिळून घेतला. तिची परीक्षा तोंडावर होती, आमची एकच खोली होती, आणि तयारी कुणाचीच नव्हती. तो निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. दवाखान्यात सगळ्यांनी तिची विचारपूस केली, ते बरोबरच होतं. मला एकानेच विचारलं, "बाहेरची गाडी तुमची का? जरा बाजूला घ्या." घरी येताना मी वाटभर विनोद केले. ती हसली, म्हणून मग रोजच करत राहिलो. मनातलं बोललो तर तिला तो ठपका वाटेल आणि माझं हसतं घर हातचं जाईल, या भीतीने आठ वर्षं मूग गिळून बसलो.

माझं वजन बहात्तर किलो. काटेवाल्याला स्वतःचं वजन पाठ असतं, कारण काटा तपासायला आधी तोच उभा राहतो. ज्या महिन्यात ते बाळ जन्मलं असतं, त्या महिन्यात मी पंचाहत्तर भरलो. लोखंडी वजनं ठेवली की काटा अचूक, मी चढलो की तीन जास्त. वर्षाने नऊ जास्त. मग बारा, चौदा... पँट सैल होत गेली आणि काटा पुढेच. त्या दुपारपर्यंत चौऱ्याण्णव. दुसऱ्या कुणासमोर मी काट्यावर पाय ठेवत नसे.

त्या दुपारी सुस्तीत विसरलो. मोठ्या काट्यावर चढलो, तर मागे बायको चहा घेऊन उभी.

"चौऱ्याण्णव?" ती खो खो हसली. "या सापळ्याचे? उतर, बिघडलाय तो."

"नाही... काटा बरोबर आहे."

"मग?"

नेहमीप्रमाणे एक विनोद ओठावर आला होता. तो मी परतवला.

"बावीस किलो माझे नाहीत. आपल्या बाळाचे आहेत," मी म्हणालो. "तुला दोष नाही गं. पण मला आठवण येते... आणि आठवायला काहीच नाही."

तिने कप खाली ठेवला. "आठ वर्षं? मला वाटायचं, तुला काही वाटलंच नाही. मी नळ सोडून रडायचे, तुला ऐकू नये म्हणून."

"मग माझ्या विनोदांना हसायचीस ती?"

"तुला बरं वाटावं म्हणून. तुझे विनोद काय इतके चांगले असतात?"

दोघंही नाक पुसत हसलो. तिने हात पुढे केला. मी उतरलो.

काटा शून्यावर आला नाही.

रिकाम्या फळीवर बावीस किलो. आणि काटा थरथरत होता... लोखंडाखाली काटा गप्प बसतो. थरथरतो तो फक्त जिवंत माणसाखाली. दुकानभर दुधाचा कोमट वास पसरला.

"दिसतंय ना तुला?" मी विचारलं.

"दिसतंय..."

मग ते वजन एका काट्यावरून दुसऱ्यावर उड्या मारू लागलं. धाडकन शून्य. शेजारच्या काट्यावर बावीस. मग त्याच्या पुढच्यावर. खट्... खट्... खट्... माझी पाचावर धारण बसली होती, तरी तोंडातून निघालं, "ए, हळू! पडशील!"

सगळे काटे शून्यावर आले. बायको माझ्याकडे बघत राहिली. मी भीत भीत चढलो. बहात्तर. जीव भांड्यात पडला, आणि लगेच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

तेवढ्यात बाळांच्या काट्यावरचं फडकं हललं. बायकोने ते अलगद उचललं. तबक रिकामं होतं आणि काटा तीन किलोंवर, श्वासासारखा संथ हलत होता. तिने पंखा कमी केला.

सिस्टरबाईंना मी नवा काटा घेऊन दिला. तो जुना आतल्या खोलीत असतो. तर आता दिवा पुन्हा बारीक करा, आणि जाताना पायरीवर आवाज करू नका. आज सकाळीच साडेतीन भरले.