शेवटचा रकाना

पाऊस थांबेपर्यंत घोडीचे ठोके ऐकू येणार नाहीत, हे डॉक्टरला तबेल्यात पाऊल टाकताच कळलं. वरचे पत्रे असे ताडताड वाजत होते, की कानात स्टेथोस्कोप घालून उपयोग नव्हता.

"थांबावं लागेल," ती म्हणाली.

"थांबा की," घोडीला खरारा करणारा तरुण म्हणाला. "तोवर ओळख करून घ्या. ही चिमणी."

तिने मान वर केली. चिमणीची पाठ तिच्या डोक्याच्या वर होती. "हिला चिमणी म्हणता?"

"जन्मली तेव्हा नावात मावत होती हो..."

कामावर असताना हसायचं नाही, असा डॉक्टरचा नियम होता. तो पहिल्या पाच मिनिटांत मोडला.

चिमणीची आई प्रसूतीत गेली होती, आणि या पठ्ठ्याने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. आता त्याचे काका तबेला बंद करत होते. बाकीच्या घोड्यांना घरं मिळाली, चिमणी तेवढी उरली. एका बाईंना ती मुलीच्या सवारीसाठी हवी होती, पण हृदय तपासून, विमा उतरवूनच. रविवारपर्यंत कागद मिळाला नाही तर त्या दुसरा घोडा घेणार होत्या. आज गुरुवार होता.

पाऊस ओसरला. चिमणीच्या डाव्या पुढच्या पायामागे वाकून डॉक्टर ऐकू लागली. एक ठोका, दुसरा, तिसरा... आणि चौथा आलाच नाही. मग पुन्हा सगळं सुरळीत.

"मधला एक ठोका चुकतोय," ती म्हणाली.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"अहो, घाबरू नका. निवांत उभ्या घोड्यांत हे पुष्कळदा होतं. पळवल्यावर चुकला नाही, तर चिंता नाही. पण आमच्या मोठ्या डॉक्टरांचा दंडक आहे – चुकणारा ठोका तीन वेगवेगळ्या दिवशी ऐकायचा. त्याशिवाय सही नाही."

त्याने चिमणीला लांब दोरावर गोल गोल पळवलं. घामेजलेल्या घोडीचे ठोके आता घड्याळासारखे पडत होते. डॉक्टरने त्या दिवसाचा कागद भरला. शेवटचा रकाना होता – 'तपासणारा आणि विक्रेता वा त्याचे कुटुंबीय यांच्यात काही नातं अथवा हितसंबंध?' तिने न बघताच 'नाही' लिहिलं.

शुक्रवारी चिमणी उभ्या जागी मिनिटाला अठ्ठेचाळीस ठोके देत होती. काल छत्तीस होते. डॉक्टरने दोर धरलेल्या त्याच्या हाताकडे पाहिलं. मूठ आवळून आवळून पांढरी पडली होती.

"तुम्ही जरा बाहेर जा."

"मी? मी काय केलं?"

"तुम्ही धास्तावलात की ती धास्तावते. द्या तो दोर."

तो दाराबाहेर पाठ करून उभा राहिला आणि आपलं काही अडलेलं नाही, अशा थाटात शीळ घालू लागला. शीळ साफ बेसूर होती. चिमणी हळूहळू छत्तिसावर आली. डॉक्टर मात्र त्या पाठीकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिली.

नंतर त्याने चहा आणला. कप दोनच होते, त्यातला कड फुटलेला त्याने स्वतःकडे ठेवला.

"ही गेल्यावर काय करणार?" तिने विचारलं.

"दुसऱ्याच्या तबेल्यात नोकरी. लोक म्हणतात, घोडे इथूनतिथून सारखेच..." तो थांबला. "नसतात."

त्या दिवशी 'नाही' लिहिताना तिचा हात किंचित अडखळला. तिने त्याकडे काणाडोळा केला.

शनिवारी सगळं ठीक निघालं. चिमणी ठणठणीत होती. शेवटच्या रकान्यावर मात्र डॉक्टरचं पेन थांबलं. दोन अक्षरांचा शब्द, कोणाला पत्ताही लागला नसता. पण सकाळी तिने तीनदा शर्ट बदलला होता, आणि तो काही घोडीसाठी नव्हे.

"काही दोष आहे का तिच्यात?" त्याने विचारलं.

"तिच्यात नाही." तिने कागद त्याच्याकडे फिरवला आणि रकान्यावर बोट ठेवलं. "हे... हे मला लिहिता येत नाहीये."

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. कान लाल झाले.

"उद्या रविवार आहे," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे."

"म्हणजे तुमच्याऐवजी आता मोठे डॉक्टर पहिल्यापासून तीन दिवस ऐकणार. त्या बाई थांबल्या नाहीत, तर चिमणीचं..."

"तेही माहीत आहे. पण खोटं लिहिलं मी, तर पुढे भोगेल ती. कधी आजारी पडली, तर विमावाले आधी हाच रकाना बघतील. मला कालच थांबायला हवं होतं. चूक माझी."

तो बराच वेळ चिमणीच्या मानेवरून हात फिरवत राहिला. मग त्याने फोन उचलला आणि त्या बाईंना काहीही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. डॉक्टरला कुठे तोंड लपवू असं झालं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, जिला एक 'नाही' लिहवत नाही, तिच्या दवाखान्याच्या कागदासाठी अजून तीन दिवस थांबेन."

मोठे डॉक्टर नाकावर माशी बसू न देणारे. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, चिमणीच्या एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला ती उभी असताना त्यांनी घड्याळ पाहिलं आणि कानातून नळ्या काढल्या.

"पन्नास? उभ्या घोडीचे? दोघंही बाहेर व्हा बघू."

बाहेर पागोळ्या गळत होत्या.

"उद्या जाईल ती," तो म्हणाला. तिने त्याची बाही धरली. एवढ्या मोठ्या दुःखाला तिच्याकडे दुसरं औषध नव्हतं.

आतून आवाज आला, "छत्तीस. उत्तम."

त्याने डोळे पुसले. "तुमच्या त्या शनिवारच्या कागदावर... शेवटी काय लिहिलंत?"

"रकाना कोराच ठेवला."

"मी भरू?"

"सरांची सही होऊ दे आधी," ती म्हणाली. पण बाही तिने सोडली नव्हती.