लोखंडी घोडा लंगडत का नाही?

जांभेमाळाच्या डोंगरावर मोटारींना बंदी आहे. गाड्या पायथ्याशी ठेवायच्या आणि वर घोड्यावर बसून यायचे, ही तिथली जुनी पद्धत. अलीकडे तिथल्या पर्यटन समितीने काही यंत्रघोडेही आणले होते. त्यांतला सातवा ढेब्यांच्या तबेल्यात राही. त्याला सगळे ‘साता’ म्हणत.

केतकी ढेबेला साता मुळीच आवडत नसे. त्याच्या शेजारी तिची घोडी कस्तुरी उभी असे, आणि कस्तुरी लंगडत होती.

“बाबा, मला एक कळत नाही,” केतकी एका सकाळी म्हणाली. “साता कस्तुरीपेक्षा दुप्पट जड आहे. त्याच्या पायांत नाल नाहीत. तरी दिवसभर दगडी रस्त्यावर चालतो. आपण कस्तुरीला इतके चांगले नाल ठोकले, मग तीच का लंगडते?”

“अगं, ते यंत्र आहे. त्याला दुखायला काय झालंय?” बाबा खरारा करता करता म्हणाले. मग हळू आवाजात त्यांनी पुढचे सांगितले. “दसऱ्याच्या आधी समिती घोड्यांची चाल बघणार. कस्तुरीला परवान्याचा बिल्ला मिळाला नाही, तर तिला खालच्या बाजारात विकायला न्यावं लागेल. तिच्या जागी आणखी एक साता येईल.”

बाबा पाणी आणायला गेले. केतकीने साताच्या पोटाला एक लाथ मारली आणि अंगठा धरून मटकन खाली बसली.

“लागलं?” साताने विचारले. “मला नाही लागलं. पण तुझा प्रश्न चांगला होता. बाबांचं उत्तर मात्र अपुरं आहे. माझा पाय बघतेस का?”

त्याने पुढचा पाय उचलला. लोखंडाऐवजी तिथे जाड, कडक रबरी कवच होते आणि मागच्या बाजूला मऊ, त्रिकोणी गादी होती.

“हा पाय कुणी शोधून काढलेला नाही,” साता म्हणाला. “माळरानावर मोकळ्या फिरणाऱ्या घोड्यांचे खूर बघून माझे पाय बनवले. मी कस्तुरीच्या नातलगांची नक्कल आहे. आता एक भिजवलेला स्पंज आण.”

केतकीने तबेला धुवायचा स्पंज आणला. साताच्या सांगण्यावरून तिने तो दाबला. पाणी बाहेर आले. बादलीत बुडवून सोडला, तसा स्पंज फुगला आणि पुन्हा भरला.

“जिवंत खूर जवळपास असाच वागतो,” साता म्हणाला. “पाय टेकला की टाच, म्हणजे खुराचा मागचा भाग, जराशी रुंदावते आणि आतलं रक्त वर ढकललं जातं. पाय उचलला की ताजं रक्त आत येतं. आता तोच स्पंज बरणीच्या झाकणाच्या कड्यात घट्ट बसव आणि दाब.”

केतकीने दाबले. स्पंजाला पसरायला जागाच नव्हती. थोडेसेच पाणी निघाले.

ती कस्तुरीच्या नालाकडे बघत राहिली. “म्हणजे हे कडं?”

“बऱ्याच घोड्यांना नाल चालतात. कस्तुरीचा पुढचा खूर मात्र लांब वाढलाय आणि टाच आवळली गेलीय. बघ, टाच दुखते म्हणून ती बोटावर, म्हणजे खुराच्या टोकावर, पाय टेकते. निरोगी घोडा आधी टाच टेकतो. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचार. मी पुस्तकातलं सांगतो, त्या हात लावून बघतील.”

डॉक्टरीणबाईंनी खुरांचे एक्स-रे फोटो काढले. हाड शाबूत होते. त्यांनी नाल उतरवायला सांगितले, तेव्हा नालबंद दाऊदचाचा मोठ्याने हसले.

“वा! माझ्याच हातानं माझा धंदा उतरवा म्हणता?”

पण पाय मांडीवर घेतल्यावर त्यांनी आवळलेली टाच अंगठ्याने दाबून बघितली. त्यांनी नाल काढले, कानशीने वाढलेले टोक थोडेसेच मागे घेतले आणि कडा गोल केली. तळव्याला हात लावला नाही.

“आजवर मी नालाच्या मापाचा खूर करत होतो,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “आता घोडीच्या मापाचा करायचा.”

दर काही आठवड्यांनी ते येऊन असेच थोडे थोडे घासून जाऊ लागले. तरी कस्तुरी काही सुधारेना. उलट ती जास्तच कचरू लागली. एकदा बाबा चिडले. “सातानं सांगितलं आणि आपण ऐकलं! उद्या तो गवत घालू नका म्हणेल!”

“केतकी,” साताने विचारले, “ती दिवसभर काय करते?”

“काही नाही. मी तिला बाहेरच काढत नाही. पेंढ्याची ही एवढी जाड गादी केलीय. दुखतंय ना तिला!”

“मग तो स्पंज दाबणार कोण?”

केतकीने पेंढ्याच्या गादीकडे बघितले. आपण मायेने केले, तेच आड आले होते. तिने पेंढा कमी केला. डॉक्टरीणबाईंनी दिलेले मऊ तळाचे बूट कस्तुरीच्या पायांत घालून ती तिला लाल मातीच्या वाटेवर फिरवू लागली. सुरुवातीला अगदी थोडे, मग बूट काढून, मग बारीक खडीवर. पाय दुखून कस्तुरीने मान खाली घातली की परत फिरायचे, हा केतकीचा नियम होता.

दसऱ्याच्या आधी समितीची माणसे आली. कस्तुरी मातीवरून नीट चालली. पुढे फरशीचा तुकडा आला. केतकीच्या हातातला लगाम घट्ट होऊ लागला, पण तिने तो मुद्दाम सैल सोडला. कस्तुरी थांबली, कडेची मऊ मातीची पट्टी हुंगली आणि तिच्यावरून गेली. टाच आधी, मग टोक.

“लंगडत नाही,” समितीच्या बाई वाकून बघत म्हणाल्या. “पण नवा खूर अजून पुरा खाली उतरलेला नाही. या हंगामात पाठीवर माणूस नको. हलकं सामान चालेल. हा घ्या बिल्ला.”

बाबांनी बिल्ला दोनदा उलटून बघितला आणि मग घोडीच्या गळ्यात बांधला. “बाजार टळला,” एवढेच ते म्हणाले.

कस्तुरीच्या खुरावर एक आडवी रेघ दिसत होती. रेघेच्या वरचा नवा भाग सरळ आणि तुकतुकीत होता, खालचा जुना भाग वाकडा. नखासारखा खूर वरून खाली वाढतो. रेघ जमिनीला टेकायला अजून बरेच महिने लागणार होते.

परतीच्या वाटेवर साता मागून येत होता. फरशीपाशी तोही थांबला आणि कडेच्या मातीवर उतरला.

“तुला कुठे दुखतंय?” केतकीने विचारले.

“दुखत नाही. पण ही वाट माझ्या नकाशात नव्हती,” साता म्हणाला. “पुढच्या यंत्रघोड्यांना कळवतो. हळू चाल जरा, मला बघू दे ती पाय कुठे टाकते.”

केतकीने लगाम आणखी सैल सोडला. पुढे कस्तुरी, तिच्या मागे साता, असे ते तबेल्याकडे निघाले.