कॅप्टन पेटेंगिलचं कुलूप

"माझ्या मेव्हण्याच्या बाबतीत घडलंय हे. हसायचं तर आत्ताच हसून घ्या," आसा नावाचा म्हातारा म्हणाला. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्या धक्क्यावर अंधार पडला होता. लॉबस्टरचे पिंजरे दुरुस्त करणाऱ्या पोरांचे हात थांबले.

गुरुवार होता, चौदा नोव्हेंबर. त्या रात्री माझा मेव्हणा हार्लन डोन कॅप्टन पेटेंगिलच्या घरी निघाला, पितळी पाटी बसवायला. त्या घराचं आता संग्रहालय झालंय. सकाळी पाटीचं अनावरण होतं. पाटीवर लिहिलेलं : याच गावात बांधलेलं 'ग्रे टर्न' हे लाकडी क्लिपर, म्हणजे वेगवान शिडाचं जहाज, केप हॉर्नला वळसा घालून विक्रमी वेळात सान फ्रान्सिस्कोला पोचलं, ते कॅप्टनच्या हिमतीवर.

कसली हिंमत! वादळात घाबरलेले खलाशी शिडं सैल करतील, म्हणून या गृहस्थानं दोरांना साखळी घालून कुलूप ठोकलं. किल्ली स्वतःच्या खिशात. डोलकाठी मोडली, वर चढलेली चार माणसं समुद्रात पडली. जहाज थांबलं नाही. विक्रम हुकला असता ना! त्या चौघांत हार्लनचा खापरपणजोबा होता, ईनॉस डोन.

दुपारीच हार्लन कॅप्टनच्या वंशजाशी, रॉइसशी भांडला होता.

"चार नावं घाल पाटीवर. चारच."

"पाटी विक्रमाची आहे बाबा, दफनभूमीची नाही."

"दफनभूमीत तरी कुठं आहेत ते?"

"तुला जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो."

दुसऱ्यानं नुसती पाटी बसवली असती. म्हणून हार्लनच गेला, खिशात छिन्नी घेऊन. पाटीखाली भिंतीच्या लाकडात तो ती नावं कोरणार होता.

पाटी बसली. तीन नावं कोरून झाली. रागाच्या भरात हार्लन शीळ घालू लागला. खलाशाच्या घरात जन्मलेला माणूस! छपराखाली शीळ घातली की वारा येतो, हे आपल्याकडे पाळण्यातलं पोरही जाणतं.

वारा आला.

खिडकीबाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. वारा घरातच होता. तुळया कुरकुरल्या. जमीन कलली. काचेच्या पेटीत ठेवलेलं जहाजावरचं ते बंद कुलूप खडखडू लागलं. त्याची किल्ली कॅप्टनबरोबर पुरलेली.

मग माळ्यावरून आवाज...

"सैल करा..."

हार्लनच्या हातून छिन्नी पडली.

"सैल करा रे..."

"किल्ली नाही माझ्याकडं!" तो ओरडला. "त्या हरामखोरानं नेली!"

वर शांतता. कुणीतरी वाट बघतंय अशी.

हार्लननं भिंतीवरची नावं वाचली. मोठ्यानं, जहाजावर पाळी बदलताना हजेरी घेतात तशी.

"टोबायस ग्रीनलॉ."

"...आलो."

"सिलास बीन."

"...आलो."

"जेरेड क्रोवेल."

"...आलो."

चौथं नाव भिंतीवर नव्हतं. छिन्नी सापडेना.

"ईनॉस..."

उत्तर माळ्यावरून आलं नाही. कानाशी आलं. गार.

वारा पडला.

सकाळी रॉइसनं भिंत पाहिली आणि तो संतापला. "रंधा मारा यावर! आत्ताच्या आत्ता!" मग त्याची नजर पेटीकडं गेली. रंधा कुणी मारला नाही.

म्हाताऱ्यानं धक्क्याच्या फळीवर पाइप झाडला.

"जाऊन बघा. चारही नावं आहेत. चौथं हार्लननं कोरलेलं नाही, तो शपथेवर सांगतो. पण ते सोडा. काच शाबूत आहे. पेटी बंद आहे. आत कुलूप उघडं पडलंय... आणि ते अजून ओलं आहे."