खिडकीजवळची खुर्ची

"आधी बोटांना खोबरेल लावा, मास्तर. मग हात घाला."

हरिश्चंद्र मयेकर ओटीवर बसून ओले काजू फोडत होते. शेजारी सखाराम मास्तर रुसून बसले होते. मास्तर मूळचे कऱ्हाडचे. बदली होऊन रत्नागिरीस येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं, आणि एवढ्याशा बीला घाबरायचं काय ते त्यांना कळत नव्हतं.

"टरफलात तेल असतं," मयेकर म्हणाले. "लागताना काही कळत नाही. संध्याकाळी चुरचुरतं, सकाळी कातडी फोडासकट निघते."

"आणि खोबरेल लावलं की?"

"की तुम्ही शहाणे."

मयेकरांनी उमेदीची वर्षं मुंबईच्या पोलीस खात्यात काढली होती. वरच्या साहेबाला भर कचेरीत मूर्ख म्हणाले आणि घरी आले. साहेब मूर्खच होता, पण ते सांगायची जागा ती नव्हती. तेव्हापासून गावात काही हरवलं, काही बिनसलं, की माणसं पोलिसांच्या आधी त्यांच्या ओटीवर यायची.

आजही एक बाई आली. तिशीच्या आतली, चेहरा रागाने तापलेला. तिने पदराखालून एक बाटली काढली आणि पायरीवर ठेवली. आत दाट, काळपट तेल होतं.

"मयेकरकाका, मी सावित्री. शिवा सुर्व्याची बहीण. मला एका माणसाचं नाव हवंय. फक्त नाव. पुढचं मी बघते."

"बाटलीत काय आहे, बाय?"

"वाशांना वाळवी लागू नये म्हणून लावतात ते. काजूच्या टरफलांचं तेल. ज्या मेल्याने माझ्या भावाचा हात जाळला, त्याच्या हातावर हे ओतणार आहे. सगळं."

मास्तर नकळत जरा मागे सरकले.

शिवाची मॅट्रिक येत्या सोमवारी होती. युनिव्हर्सिटीची परीक्षा कोणाच्या फोडांसाठी थांबत नाही. गेल्या आठवड्यात तो वाचनालयातून घरी आला तो बोटं चोळतच. सकाळी उजवा हात भाकरीसारखा फुगला होता. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, काजूचं तेल.

"माझं लग्न झालंय काका," सावित्री म्हणाली. "नवरा परळला एकटा राहतो, हाताने स्वयंपाक करतो. मी दोन वर्षं इथं खोली घेऊन राहिलेय, कशासाठी? हा शिकावा म्हणून. हा पास झाला की मी मुंबईची बोट पकडणार होते. आता हा टाक धरू शकत नाही. आणखी एक वर्ष मी इथं? कोणीतरी मुद्दाम केलंय, आणि तो माणूस रोज जेवून सुखाने झोपतोय. मला ते सहन होत नाही."

मयेकरांनी हात पुसले. "चला, हात बघू."

खोलीत शिवा भिंतीला टेकून बसला होता. पोरगा हुशार दिसत होता, जरा घुश्श्यातही. उजवा हात उशीवर. जेवण अर्धं झालेलं; उरलेलं भरवायला बहीण पुन्हा ताटाशी बसली. या वयात बहिणीच्या हातून घास घ्यायचा म्हणजे त्याचा जीव जात होता, हे स्पष्ट दिसत होतं.

मयेकरांनी हात उलटा केला. अंगठा आणि तळवा जवळजवळ स्वच्छ. फोड चारही बोटांच्या आतल्या बाजूला, मधल्या पेरावर, एका ओळीत. करंगळीचा सगळ्यांत मोठा.

"टाकाला काही लावलं असेल," मास्तर म्हणाले. "लिहिणाऱ्याचीच बोटं भाजली."

"त्याचा टाक, दौत, पुस्तकं, सगळं दुसऱ्या दिवशी मीच पुसलं," सावित्री म्हणाली. "या हातांनी. मला काही झालं नाही."

"शिवा, त्या दिवशी काय केलंस?" मयेकरांनी विचारलं.

"दुपारी जेवून वाचनालयात गेलो. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. बसलो, भूमिती केली. चहाच्या वेळेला उठलो. बस."

"रिकामी होती?"

"रिकामीच होती."

"कोणाशी वैर?"

"केरू खातू. त्याच खुर्चीवरून आमचं आदल्याच दिवशी वाजलं. त्याच्या बापाची काजूची भट्टी आहे," शिवा म्हणाला, आणि सावित्रीने बाटली मुठीत घट्ट धरली.

वाचनालय खाडीकडच्या उतारावर होतं. एक दालन, लांब मेजं, मोजक्या खुर्च्या, आणि मॅट्रिकच्या तोंडावर सगळ्या गावची पोरं. ज्यांच्या घरात दिवा एक आणि माणसं दहा, ती सगळी इथं. पायऱ्यांवर पोरं, कठड्यावर पोरं, कपाटांच्या मधल्या बोळात उकिडवी बसलेली पोरं.

नाना लिमये ग्रंथपाल. या गर्दीने त्यांचं डोकं उठलं होतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नव्हती.

"मुंगीला शिरायला जागा नाही. सकाळी दार उघडलं की घटकाभरात एकूण एक खुर्चीवर दप्तर पडतं. दप्तर ठेवलं की दिवे लागेपर्यंत खुर्ची त्याची. मालक शाळेत असो, कचेरीत असो, दप्तराला कोणी हात लावायचा नाही. ही इथली रीत."

"आणि सगळे पाळतात?"

"पाळतात कसले. दोन वर्षं झाली, कोणीतरी दुपारचं दप्तर उचलून बाहेर कठड्यावर ठेवतं आणि खुर्ची बळकावतं. कोण ते सापडत नाही. मीच मागे सगळ्यांदेखत म्हणालो, एकदा कोणाच्या हाताला चांगला चटका बसल्याशिवाय हे थांबायचं नाही."

मास्तरांनी मयेकरांना कोपराने ढोसलं. मयेकरांनी लक्ष दिलं नाही.

"त्या संध्याकाळी मेज-खुर्च्या कोणी पुसल्या?"

"मी. शिपाई आजारी. कंबर मोडली माझी."

"हाताला काही?"

नानांनी दोन्ही तळवे पुढे केले. शाईचे डाग होते, बाकी काही नाही.

"खिडकीजवळची खुर्ची दुपारी रिकामी असते?"

"आषाढात असते," नाना म्हणाले. "परीक्षेच्या दिवसांत? तिथं उजेड आणि वारा दोन्ही. पहिलं दप्तर पडतं ते तिथंच. लाल खारव्याच्या जाड कापडाचं."

"कोणाचं?"

"लाल खारवा निम्म्या गावाचा. कचेरीतला प्रत्येक कागद त्यातच बांधतात. दार उघडताना पोरं अशी घुसतात, मी चेहरे बघू की माझे पाय सांभाळू?"

केरू खातू कपाटांच्या बोळात सापडला. बोटांची टोकं काळी पडलेली.

"भट्टीवर बसतो मी, काळी होणारच," तो म्हणाला. "भांडलो, हो. पण मी त्याला जाळायला जाईन कशाला? बापाच्या तेलाने कोणाला काही झालं की गाव पहिलं माझंच नाव घेणार. एवढा खुळा नाही मी."

"त्या दिवशी तू कुठे बसलास?"

"शिवा चहाला उठला, तेव्हा त्याच खुर्चीत. दिवे लागेपर्यंत. मेजावर डोकं ठेवून डुलकीसुद्धा काढली."

"आणि काही झालं नाही."

"बीजगणित डोक्यात गेलं नाही, एवढंच."

दिवेलागणीला धोंडू सावंत आला. एका वकिलाकडे कारकून, मऊ बोलणारा, सगळ्यांना वाट करून देणारा. बगलेत पांढऱ्या कापडात बांधलेलं दप्तर होतं.

"नवं धोतर फाडलेलं दिसतंय," मास्तरांनी थट्टा केली.

"जुनं दप्तर फाटलं, मास्तर." धोंडू हसला.

"तूही सोमवारी बसतोस?" मयेकरांनी विचारलं.

"नाही. गेल्या साली गणितात गेलो. आता पंचविशी उलटली. सरकारी नोकरी मिळायची नाही, मग फी भरून काय करू?"

"तरी रोज येतोस."

"सवय. संध्याकाळी दुसरीकडे कुठं जायचं?" तो म्हणाला. "शिवाचं ऐकलं. वाईट झालं."

परतताना मास्तर भलतेच खुशीत होते. "केरूच. तेल त्याच्या घरचं, भांडण त्याचं, बोटं काळी. त्या बाईला नाव सांगून टाका."

"मास्तर, तुमच्या कऱ्हाडात टाक करंगळीने धरतात का?"

मास्तरांनी हवेत टाक धरून पाहिला. करंगळी कुठेच लागत नव्हती. यातून काय निघतं ते त्यांना कळलं नाही, आणि विचारायला कमीपणा वाटला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी मयेकरांनी सगळ्यांना वाचनालयात बोलावलं. नानांनी बाकीची पोरं पायऱ्यांवर काढली होती. केरू आला, धोंडू आला. हात गळ्यात बांधून शिवा आला, आणि बाटली घेऊन सावित्री.

खिडकीजवळच्या खुर्चीवर लाल खारव्याचं एक दप्तर होतं, धुळीने माखलेलं.

"मागच्या दगडी गडग्यापलीकडे पडलं होतं," मयेकर म्हणाले. "शिवा, उचल ते. बसायला जागा कर."

शिवाने डावा हात पुढे केला, आणि चटकन मागे घेतला. चेहरा उतरला होता.

"अरे, दे, मी काढतो," सखाराम मास्तर म्हणाले आणि दप्तराच्या गाठीकडे वाकले.

"मास्तर, हात लावू नका."

धोंडूने त्यांचं मनगट धरलं होतं. धरल्यावर आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं, आणि तो सावकाश मागे सरला.

"झालं," मयेकर म्हणाले. "ते दप्तर माझं आहे. आत जुनी वर्तमानपत्रं आहेत, तेलाचा थेंब नाही. पण एकाला ते भाजणार हे माहीत होतं, कारण त्याने तेल लावलं. आणि एकाला माहीत होतं, कारण त्याला ते भाजलं."

मयेकरांनी शिवाकडे बोट केलं.

"मेज-खुर्ची नानांनी हाताने पुसली. केरू त्याच जागी डोकं ठेवून झोपला. टाक आणि पुस्तकं बहिणीने हाताळली. कोणालाच काही नाही. मग शिवाने असं काय धरलं, जे दुसऱ्या कोणी धरलं नाही? चार बोटं वाकवून, मधल्या पेरावर, करंगळीसकट. असं आपण बादलीची कडी धरतो, किंवा दप्तराची गाठ. आणि शिवा सांगतो, भरदुपारी, परीक्षेच्या दिवसांत, खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. ती रिकामी नव्हती. त्याने केली."

"काका," सावित्री म्हणाली.

"थांब बाय. दुसरा अजून राहिलाय. धोंडू, कचेरीतला कारकून तू, लाल खारवा तुला फुकट. मग पांढरं धोतर का फाडलंस? लालवर तेलाचा डाग दिसत नाही, म्हणून आधीचं दप्तर लाल होतं. काम झाल्यावर ते जवळ बाळगायची सोय नव्हती. आणि ज्याला परीक्षा द्यायची नाही, तो माणूस दार उघडायच्या आधी येऊन सगळ्यांत चांगली जागा कशासाठी धरतो? बसायला नाही. गळ टाकायला."

धोंडूने नाकारलं नाही. मऊ बोलणारा तो माणूस आता मऊ बोलत नव्हता.

"गेल्या साली परीक्षेच्या आधी रोज कचेरीतून धावत यायचो. दप्तर कठड्यावर. खुर्चीत रोज कोणीतरी वेगळाच. विचारलं की म्हणायचा, रिकामी होती. त्याच्यापुरती ती रिकामीच असायची, खरा चोर केव्हाच चहाला गेलेला. पायरीवर बसून वाचलं, उभ्याने वाचलं. सहा मार्कांनी गेलो. जन्माचा कारकून झालो. वर्षभर प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत हिंडलो, हाच का, हाच का. दिवसा पहारा द्यायला मी मोकळा नव्हतो. म्हणून तेल ठेवलं पहाऱ्याला. हात भाजेल तो चोर. मला वाईट वाटत नाही. त्याचा हात सुजलाय हे ऐकलं, त्या संध्याकाळी मी वर्षात पहिल्यांदा पोटभर जेवलो."

"आणि नानांनी उचललं असतं तर? आज मास्तर वाकले, तसे कोणी वाकले असते तर?" मयेकरांनी विचारलं.

धोंडूने मान खाली घातली.

"दिवसभर खुर्ची रिकामी," शिवा एकदम ओरडला. "वर नुसतं दप्तर बसलेलं, आणि मी जिवंत माणूस जमिनीवर. ही कसली रीत? मी कोणाचं काही चोरलं नाही, दप्तर नीट कठड्यावर ठेवत होतो."

"मला का नाही सांगितलंस?" सावित्री म्हणाली. "मी बाटली घेऊन गावभर हिंडले. केरूच्या दारापर्यंत जाऊन आले. एक शब्द बोलला नाहीस."

शिवाने गळ्यातला हात दुसऱ्या हाताने सावरला.

सावित्रीने बाटलीचं बूच काढलं. नाना दाराकडे सरकले. धोंडूने उजवा हात मेजावर ठेवला आणि डोळे मिटले. बहुतेक तो याच क्षणाची वाट बघत होता.

तिने त्या हाताकडे बघितलं, मग गळ्यात बांधलेल्या हाताकडे.

"तुझं वर्ष गेलं म्हणून तू याचं घेतलंस," ती म्हणाली. "आणि माझी दोन गेली, ती कोणी घेतली? तुम्ही दोघांनी. एका खुर्चीसाठी."

तिने बूच परत लावलं आणि बाटली मयेकरांच्या पुढ्यात ठेवली.

"काका, ही तुमच्याकडे राहू दे. धोंडू, याला हाताने जेवता येत नाही. मी दोन वेळा भरवते. उद्यापासून तू भरवायचंस. तुझ्याच हाताने, घास करून, फोड सुकेपर्यंत. एक वेळ जरी चुकलास, तर मयेकरकाका पोलिसांत जातील."

"मी याच्या हातून घास घेणार नाही," शिवा म्हणाला.

"तर उपाशी राहा."

धोंडूने डोळे उघडले होते. तेल ओतलं असतं तर बरं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"आणि तू?" शिवाने विचारलं.

"मी उद्याच्या बोटीने मुंबईस जाते. खोली सोडली."

"आक्का, खोली सोडलीस तर मी राहू कुठे?"

सावित्री दारापाशी थांबली. पायऱ्यांवरची पोरं तिला वाट द्यायला उठून उभी राहिली.

"जागा शोध," ती म्हणाली. "दुसऱ्याची उचलायची सवय आहेच तुला."