पूजेला बसवलेलं कपाट

खंडेनवमीला पिंपरी-चिंचवडमध्ये यंत्रं बंद ठेवून पुजतात. लेथला हळदकुंकू लागतं, फोर्कलिफ्टला झेंडूची माळ पडते आणि पूजा हलवेपर्यंत कुणी बटणाला हात लावत नाही. कासारवाडीच्या वाचनालयातही तसंच चालायचं. एका काचेच्या कपाटातली पुस्तकं आणि दोन कॉम्प्युटर पूजेला बसायचे. दसऱ्याला ग्रंथपाल स्वप्नाली अक्षता टाकून पूजा हलवायची, की वाचक पुन्हा त्यांच्यावर तुटून पडायचे.

यंदा मात्र संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब स्वतः पूजा करायला आले. कपाटात कुठली पुस्तकं ठेवायची तेही त्यांनीच ठरवलं. कायद्याची, बाईच्या शरीराची, कामगार संघटनांची, देवाधर्माला प्रश्न विचारणारी. शिवाय कॉम्प्युटरही कपाटाशेजारी मांडायला लावले. दसऱ्याला स्वप्नालीनं अक्षता हातात घेतल्या, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पूजा मी हलवीन."

संक्रांत आली तरी साहेबांना सवड झाली नव्हती!

सरळ बंदी घातली असती तर स्वप्नाली भांडली असती, पेपरात बातमी दिली असती. पण माणूस बेरकी. बंदी कुठं घातली होती त्यानं? नुसते हात जोडले होते. पूजा मोडली म्हणून बोंब झाली असती आणि तिची नोकरी गेली असती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वाचकही चपला काढून कपाटाला नमस्कार करायचे आणि निमूट वर्तमानपत्र घेऊन बसायचे. ते पाहून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

माळेतला झेंडू अजून टवटवीत होता. कुणीतरी माळ बदलत असेल, असं तिनं आधी धरलं. पण वाचनालयाची किल्ली तिच्याकडेच असायची. एकदा फडकं मारताना बोट काचेला लागलं, तर बोटाला हळद आली. ओली हळद. धुतली, तरी वास दिवसभर गेला नाही.

त्या दुपारी उत्कर्षा आली. ती माणची, चाकणच्या कंपनीत वायरिंगच्या लाइनवर कामाला. पहिली शिफ्ट सुटली की नाशिक फाट्याला उतरून इथं यायची. तिचा मोबाईल भाऊ तपासायचा, त्यामुळे जे काही शोधायचं ते इथल्याच कॉम्प्युटरवर.

"मॅडम, उद्या हक्कसोडावर सही करायला न्हेणारेत मला," ती म्हणाली. "आबांच्या जमिनीत माझं काय हाय का न्हाई, तेवढं बघू द्या. माझा दादा म्हंतो, पोरीला काय नसतं."

"थापा मारतो तो! ऐक, कायदा असा आहे, की मुलीला..."

पुढचं वाक्य आलंच नाही. कितीतरी बायांना तिनं ते समजावून सांगितलं होतं. जीभ टाळूला लागून तशीच राहिली.

खिडकीपाशी मारुतराव बसले होते. निवृत्त फिटर, सारं आयुष्य संघटनेत गेलेलं, कपाटातलं कायद्याचं पुस्तक कोळून प्यालेले. ते उठून आले. "मी सांगतो पोरी. वडिलांच्या जमिनीत मुलीला..." ते थांबले. डोळे चोळले. "काय सांगत होतो मी?" आणि परत जाऊन पेपर वाचू लागले.

स्वप्नालीनं स्वतःचा मोबाईल काढून प्रश्न टाकला. पान उघडलं. वर मथळा होता, खाली जाहिराती होत्या, मध्ये नुसतं पांढरं. दुसरं पान उघडलं. तेही तसंच.

आता तिला भीती वाटायला हवी होती. तिला संताप आला. एका बाईची जमीन उद्या जाणार आणि आपण झेंडूच्या माळेला भिऊन बसायचं?

"गेली नोकरी खड्ड्यात," ती म्हणाली. पूजेच्या वाटीतल्या मूठभर अक्षता कपाटावर फेकल्या, माळ ओढून जमिनीवर टाकली आणि दार उघडलं.

पुस्तकं जागच्या जागी होती. तिनं हवं ते काढलं, पान उलटलं. अक्षरं होती. सगळी होती. तिचा जीव भांड्यात पडला.

"हे बघ. वाच."

उत्कर्षा वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"मॅडम, हे तर कोरं हाय."

"मला दिसतंय. मी वाचते, तू नीट ऐक."

पहिला शब्द डोळ्यांसमोर होता. स्वप्नालीला तोंड उघडता येईना.

तिनं जोर लावला. ओठ हलले नाहीत.

कपाळावर काहीतरी गार, ओलं लागलं. नाकावरून हळूहळू ओघळलं.

मग गळ्याभोवती पाकळ्या.

"काय लिवलंय, मॅडम?" उत्कर्षानं मान वर केली. स्वप्नालीकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरची घाई हळूहळू निवली. तिनं कंपनीचे बूट काढून बाजूला नीट ठेवले. डोळे मिटून हात जोडले.

"उद्या सही हाय," ती पुटपुटली. "समदं नीट होऊ द्या."