धैवताचा त्याग

संगीतकार गुणवंत टिपणीस यांच्या उतारवयातल्या चाली म्हणजे स्वरसंन्यासाची साधना होय. पुरुषाच्या गाण्यात त्यांनी धैवत वर्ज्य केला, बाईच्या गाण्यात रिषभ वर्ज्य केला, आणि जे उरलं ते उजळून निघालं. शास्त्रीय बैठक आणि सिनेमा या दोन्ही काठांवर वावरलेला असा त्यागी पुरुष महाराष्ट्रात दुसरा झाला नाही.

हे विधान महिपत सबनीस यांनी एका दिवाळी अंकात केलं होतं. त्याच पानावर ऐनवेळी मसाल्याची जाहिरात आल्यामुळे लेखाचा शेवट गळाला, आणि त्याग कशासाठी केला ते वाचकांना कधीच कळलं नाही.

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर महिपत मीरा रोडला शालन भोईर यांच्या खासगी तपास कचेरीत बसू लागले होते. शालनबाईंचं घराणं जुनं भाईंदरचं, मिठागरवालं. बाई शोध लावत, महिपत अहवाल लिहीत. बहुतेक कामं लग्नाआधीच्या चौकशीची. मुलाच्या व्यसनांचं वर्णन महिपत इतकं सुरेख करत की मुलीकडचे कधीकधी होकार देऊन मोकळे होत.

एके सकाळी टिपणिसांची मुलगी गिरिजा कचेरीत आली तेव्हा महिपत उठून उभेच राहिले.

"आपल्या वडिलांवर मी एक लेख..."

"वाचलाय काका. मसाल्याच्या वरचा ना?" ती खुर्चीत बसली. "शालनताई, आज संध्याकाळी एका नव्या सिनेमाचं गाणं नेटवर येतंय. चाल बाबांची आहे. नाव यतीनचं लागतंय."

यतीन हा टिपणिसांचा शिष्य आणि जुना सहायक. चाल सरांची, वाद्यमेळ यतीनचा, अशी वाटणी वर्षानुवर्षं चाललेली. मागल्या पावसाळ्यात टिपणिसांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. त्याच दिवशी त्यांचा फोनही नाहीसा झाला. नव्या चाली ते त्या फोनवरच रेकॉर्ड करून ठेवत.

"चाल बाबांची कशावरून?" शालनबाईंनी विचारलं.

"घरात ऐकलीय मी. दाराआडून, तुकड्यातुकड्यांनी. पण ताई, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. कोर्टात सोडा, सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा कुणी विश्वास ठेवणार नाही."

"बाबांना विचारलंत?"

गिरिजा कसनुसं हसली. "बाबा आता एकच शब्द बोलतात. 'बरं.' मी विचारलं, चाल तुमची ना? म्हणाले, बरं. यतीनने विचारलं, सर, चाल माझी ना? म्हणाले, बरं. त्याने त्याचा व्हिडिओ काढून ठेवलाय." तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका कधीही येईल. त्यांच्या देखत त्यांची चाल दुसऱ्याच्या नावावर गेली तर मी काय करू? ते तर त्यालाही 'बरं'च म्हणतील."

सिल्व्हर पार्कमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये टिपणीस खिडकीशी पलंगावर पडले होते. महिपतांनी वाकून नमस्कार केला.

"बरं," टिपणीस म्हणाले.

महिपतांचे डोळे भरून आले. शालनबाई तेवढ्यात कोपऱ्यातल्या पेटीवरचं कापड काढून पट्ट्या न्याहाळत होत्या. बहुतेक काळ्या पट्ट्यांचा रंग बोटांनी घासून उडाला होता आणि खालचं लाकूड दिसत होतं. मधली एक मात्र बरीच काळीभोर राहिली होती.

"ही दुरुस्तीला कधी दिली होती?"

"बऱ्याच वर्षांत नाही. भाईंदरला एकाने भाता बदलताना वरचं झाकण फोडलं होतं, तेव्हापासून बाबा कुणाला हात लावू देत नाहीत. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून गाणंही बंद होतं ना त्यांचं. जे काय ते या पेटीवरच. बाई गाणार असेल तर काळी चारमध्ये वाजवायचे, पुरुष असेल तर काळी एकमध्ये."

"म्हणजे काय?" शालनबाईंनी महिपतांकडे पाहिलं.

"पहिल्या काळ्या पट्टीला सा मानायचा," महिपत म्हणाले. त्यांना समजावून सांगायला फार आवडे. "पुरुषाचा गळा बहुधा तिथे बसतो. बाईचा वर, काळी चारला किंवा पाचला. सा कुठे मानला त्यावर बाकीचे सूर सरकतात."

"सरकतात," शालनबाई म्हणाल्या, आणि पेटी झाकली.

यतीनचा स्टुडिओ स्टेशनजवळ, एका मोबाइलच्या दुकानावर होता. भिंतींना फोम, मधोमध मोठा कीबोर्ड, आणि सरांचा हार घातलेला फोटो.

"सर जिवंत आहेत," शालनबाई म्हणाल्या.

"आदर म्हणून घातलाय मॅडम." यतीन पन्नाशीकडे झुकलेला, थकल्या डोळ्यांचा माणूस होता. "गिरिजाताईंचं दुःख समजतं मला. पण चाल माझी आहे. ह्याच कीबोर्डवर केली. सर पडल्यानंतर."

"कुणासाठी?"

"नीलमसाठी. पहिल्यापासून. तिचाच गळा मनात होता."

त्याने गाणं लावलं. महिपतांनी डोळे मिटले. नीलमचा आवाज काळी चारमध्ये उमलत गेला. अंतऱ्यात चाल पंचमावरून निषादाकडे निघाली आणि मध्येच श्वासभर थांबली. वाद्यंही थांबली. मग निषाद लागला. महिपतांच्या अंगावर काटा आला, आणि पाठोपाठ त्यांचे डोळे एकदम उघडले.

"काय झालं सबनीस?"

"बाईचं गाणं आहे, आणि त्यात रिषभ भरपूर आहे." महिपतांचा आवाज पडला. "बाईच्या गाण्यात टिपणीस रिषभ घेतच नसत. इथे धैवत वगळलाय, तो ते पुरुषांच्या गाण्यात वगळायचे. शालनबाई, ही त्यांची नाही."

यतीनने त्यांच्याकडे प्रेमाने पाहिलं. "काका, एवढं लिहून द्याल?"

शालनबाई त्यांना घेऊन खाली आल्या, रिक्षात बसल्या. मग म्हणाल्या, "अशिलाच्या विरुद्ध मत द्यायला आपण जातो का हो कुठे?"

"सत्य..."

"सत्य कचेरीत आल्यावर सांगत जा."

नीलम सिल्व्हर पार्कमध्येच एका सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना गाणं शिकवत होती. मुलं सरगम म्हणत असताना ती दारात आली. पहिलंच सिनेमातलं गाणं होतं तिचं. हातातला रुमाल पिळून दोरीसारखा झाला होता.

"गाणं रद्द नाही ना होणार मॅडम? गावाला आईने सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"कुणी शिकवलं?"

"यतीनदादाने. पहिल्या दिवशी तर काळी एकमध्ये शिकवलं. म्हटलं दादा, माझा आवाज तळघरात गेला. मग वर चढवलं, माझ्या काळी चारमध्ये."

"अवघड आहे?"

"एकच ठिकाण. अंतऱ्यात वर चढताना मध्ये भोक आहे. दर वेळी तिथंच. मी विचारलं, दादा, इथे थांबायचंय का? तर चिडला. म्हणाला, तसंच हवंय, तीच तर जागा आहे."

"मौनाचा स्वर," महिपत पुटपुटले.

"काय?" नीलमने विचारलं.

"काही नाही, त्यांना होतं असं अधूनमधून," शालनबाई म्हणाल्या.

निर्माता भूपेश म्हात्रे वरसाव्याला, पुलाजवळच्या आपल्या प्लॉटवर खुर्ची टाकून बसला होता. भातशेती गेली, टेंपो आले. टेंपो गेले, आता सिनेमा आला होता.

"शालनताय! ये गो, बस. सांजचे सा वाजता नाव फायनल करून पाठवाचा हाय. मंग मना काय हलवता येनार न्हाय."

"हे गाणं नीलमचंच होतं का रे पहिल्यापासून?"

"न्हाय गो! पयले त हिरोचा गाना व्हता. टिपणीस सायबांना तसाच सांगलेला. मंग सायेब पडले. त्या गडबडीत हिरोला फायटिंग दिली न गाना हिरवीनला दिला. यतीन बोलला, चाल तयार हाय."

शालनबाई उठल्या. "गाडी काढ. यतीनला आणि त्या पोरीला घे आणि टिपणिसांकडे ये. नाव तिथून पाठव."

"न्हाय पटला त?"

"तर यतीनचं पाठव."

गिरिजाला सांगायला हवं होतं की आशा ठेवू नको. ते धैर्य महिपतांना पुलापासून सिल्व्हर पार्कपर्यंत झालं नाही.

सहाजण त्या छोट्या खोलीत दाटीने उभे राहिले. टिपणीस पलंगावर उशीला टेकून बसले होते. भूपेशच्या हातातला फोन सारखा थरथरत होता. यतीन दाराशी होता.

"मॅडम, हे संपलं की मी बदनामीची तक्रार करणार आहे. तुमच्याच तज्ज्ञांनी सांगितलंय, चाल सरांची नाही."

गिरिजाने महिपतांकडे पाहिलं. तशी नजर त्यांच्यावर याआधी फक्त दावा नाकारलेल्या विमाधारकांनी टाकली होती.

"सबनीस, पेटीवर बसा," शालनबाई म्हणाल्या. "काळी एकला सा धरा. हळूहळू वर जा, धैवतापर्यंत."

महिपत बसले. सा, रे, ग, म, प. मग त्यांचं बोट पुढच्या पट्टीवर गेलं. पट्टी दबली. आतून नुसता वारा आला.

त्यांनी पुन्हा दाबली. पुन्हा वारा.

"आता चौथ्या काळ्या पट्टीला सा धरा, आणि रिषभ वाजवा."

महिपतांनी सा दिला. रिषभासाठी बोट सरकवलं आणि ते मध्येच थांबले. बोट त्याच पट्टीवर आलं होतं. त्याच, इतरांपेक्षा काळ्याभोर राहिलेल्या पट्टीवर.

"दाबा."

वारा.

"मला सूर कळत नाहीत," शालनबाई म्हणाल्या. "सबनीस सा-रे-ग ऐकत होते. मी पट्ट्या बघत होते. पुरुषाच्या गाण्यात हा सूर नाही, बाईच्या गाण्यात तो नाही, आणि दोन्ही वेळा पट्टी तीच. कमी झिजलेली. दुरुस्तीवाल्याला बाबा पेटीला हात लावू देत नव्हते. मुक्या पट्टीला वळसा घालून चाली करत होते, एवढंच. त्याग वगैरे काही नाही."

महिपत पेटीकडे बघत राहिले. लेखाचा गळालेला भाग गळाला हे बरंच झालं, असं त्यांना प्रथमच वाटलं.

"धैवत नसलेल्या चाली ढिगाने असतात," यतीन म्हणाला. आवाज शांत होता, पण तो दाराला टेकला होता.

"असतील. पण हे गाणं आधी हिरोचं होतं. टिपणिसांना तसंच सांगितलं होतं, म्हणून त्यांनी ते काळी एकमध्ये बसवलं. तुम्ही म्हणता, नीलमचा गळा मनात ठेवून केलं. मग पहिल्या दिवशी तिला पुरुषाच्या पट्टीत का शिकवलंत?"

यतीनने नजर पेटीवरून काढून घेतली.

"आणि ते भोक. बोट सवयीने मुक्या पट्टीवर गेलं, सूर आला नाही, मग पुढच्यावर गेलं. बाबा नंतर बसून अशा जागा दुरुस्त करत असणार. ही करण्याआधीच ते पडले. चाल कच्ची राहिली, फोनमध्ये. ज्याने तो फोन ऐकला त्याने भोकासकट उचलली. यतीन, तुमच्या कीबोर्डवर मुकी पट्टी कुठली आहे?"

यतीन दार सोडून पेटीजवळ आला.

"फोन माझ्याकडे आहे," यतीन अखेर म्हणाला. "काही पुसलेलं नाही. सरांची पेटी आहे त्यात. पुसवेना."

"का रे दादा?" नीलमच्या तोंडून निघून गेलं.

"सगळी उमर सरांची गाणी सजवली. नाव आलंच तर ढोलकीवाल्याच्या खाली. वाटलं, सर आता बोलणार नाहीत. एक गाणं." त्याने टिपणिसांकडे न बघता म्हटलं. "ती जागा मला बुजवता आली असती. दहादा बसलो. पण सर जिथे थांबतात तिथे आपण थांबायचं, हेच शिकलो. वाटलं, सरांना तिथे काहीतरी दिसलं असणार."

महिपतांनी मान खाली घातली. त्यांनाही दिसलं होतं.

भूपेशने फोन कानाला लावला. "आरे, नाव बदल. टिपणीस. गुणवंत टिपणीस. हां, आत्ता."

गिरिजा पलंगाशी गुडघ्यांवर बसली. वडिलांचा डावा हात तिने हातात घेतला. "बाबा, तुमचंच नाव लागलं. चाल तुमच्याच नावावर येतेय."

टिपणिसांनी मान तिच्याकडे वळवली.

"बरं," ते म्हणाले.

महिपतांना या 'बरं'मध्ये निराळा अर्थ ऐकू आला. शालनबाईंना आला नाही. त्या यतीनबरोबर फोन आणायला निघाल्या.

चित्रपट मे महिन्यात लागला. लांबी जास्त होते म्हणून ते गाणं कापलं होतं. श्रेयनामावलीत नाव तसंच राहिलं.